‘शेजारच्या खोलीत असून मला काहीच कसं कळलं नाही?’

तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. शेवटच्या पंधरवड्यात ती पंचवीस वर्षांपूर्वी गेलेल्या थोरल्या बहिणीशी बोलायला लागली. ‘आक्का, बस गं जरा, निघतेच,’ असं म्हणायची. तुम्ही घाबरून तिला दवाखान्यात नेलंत. तिथे ‘वात झालाय’ म्हणून झोपेचं औषध सुरू झालं. दोन दिवसांनी घरी आणलंत, पण त्यानंतर ती धड बोललीच नाही आणि पहाटे तीनच्या सुमारास गेली. सिंगापूरला असलेला तुमचा भाऊ नेमका त्याच वेळी दचकून उठला; आईचा हात कपाळावरून फिरल्यासारखं त्याला वाटलं. आता घरात येणारा प्रत्येकजण मायलेकरांच्या नाळेबद्दल बोलतो. वैद्यकशास्त्राला हे मान्य आहे का, माणसांची मनं आतून अशी जोडलेली असतात का, असं तुम्ही विचारलंय. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ लिहिलीत: ‘मी शेजारच्याच खोलीत झोपले होते. मला काहीच कसं कळलं नाही?’

मला वाटतं, खरा प्रश्न तोच आहे. त्याच्याकडे मी येणार आहे. पण आधीच्या गोष्टी नीट समजल्याशिवाय त्याचं उत्तर तुमच्या मनाला पटणार नाही, म्हणून जरा लांबून सुरुवात करते.

मी मूळची भूलतज्ज्ञ. नऊ वर्षं ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूत काढली. गेली सतरा वर्षं पॅलिएटिव्ह केअर करते. म्हणजे ज्यांचा आजार बरा होणार नाही अशांचं दुखणं, धाप, उलट्या, भीती कमी करणं. दक्षिण महाराष्ट्रातल्या गावांत आणि वाड्यावस्त्यांवर आमची गाडी जाते, त्यामुळे माणसं दवाखान्यात कशी जातात आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर कशी जातात, हे दोन्ही मी पाहिलं आहे.

तुमच्या आईला आक्का दिसत होती ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. आमच्या नर्सना नव्या घरी गेल्यावर हे विचारायला मी मुद्दाम शिकवते, कारण आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. अमेरिकेत बफेलो इथल्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या केंद्रात, डॉक्टर ख्रिस्तोफर केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५९ रुग्णांना शेवटच्या दिवसांत वारंवार भेटून विचारलं. त्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ८८ टक्के रुग्णांनी असं निदान एक तरी स्वप्न किंवा दर्शन सांगितलं. काहींना झोपेत, काहींना टक्क जागेपणी. दिसणारी माणसं बहुतेक आपलीच, बरीचशी गेलेली. आणि जिवंत माणसं दिसण्यापेक्षा गेलेली दिसली की रुग्णांना जास्त बरं वाटत होतं. जसजसा मृत्यू जवळ आला तसतशी गेलेली माणसं जास्त दिसू लागली. विषय प्रवासाचे, निघण्याचे, तयारीचे. ‘निघतेच’ हा तुमच्या आईचा शब्द मी इतक्या घरांत ऐकलाय की तुमच्या प्रश्नात तो वाचताना मी क्षणभर थांबले.

एक आजी आठवतात. त्यांची धाकटी जाऊ तीस वर्षांपूर्वी बाळंतपणात गेलेली. ती रोज संध्याकाळी उंबऱ्यात येऊन बसते, असं आजी म्हणायच्या. सुनेला भीती वाटायची, ती तिन्हीसांजेला उंबऱ्यात मीठ टाकून ठेवायची. मी आजींना विचारलं, ‘ती आली की भीती वाटते का?’ त्या म्हणाल्या, ‘भ्या कशाचं? तिला बी करमत नसंल.’ पुढचा अर्धा तास त्या जावेबद्दल बोलत राहिल्या. तिचं बाळ त्यांनी अंगावर पाजून वाढवलं होतं. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्याला आजींनी पाजलं तो पुतण्या आता तिशीचा, बाजूलाच उभा होता आणि पहिल्यांदा हे ऐकत होता. अशा वेळी मी औषधाचा डबा उघडत नाही.

पण दुसरी बाजूही सांगायलाच हवी, कारण तिथे चूक झाली तर माणूस विनाकारण हाल सोसतो. एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरकाकांना भिंतीवरून साप उतरताना दिसत होते. ते ओरडत, पलंगावरून उतरायला बघत, मुलाला ओळखत नसत. दुपारी बरे, रात्री पुन्हा तेच. घरच्यांनी ठरवून टाकलं होतं की यमदूत आलेत, आता काही करायचं नाही. मी पोटावर हात ठेवला तर ओटीपोट दगडासारखं. लघवीची नळी तुंबली होती. नळी बदलली, जवळजवळ लिटरभर लघवी बाहेर आली, आणि संध्याकाळपर्यंत साप गेले. याला आम्ही डिलिरियम म्हणतो. आपल्याकडे ‘वातात बडबडणं’ म्हणतात ते हेच. जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, चार-चार दिवस शौचाला न होणं, एखादं नवं औषध, चष्मा आणि कानाचं यंत्र काढून ठेवणं, अशा साध्या कारणांनी तो होतो. पुष्कळदा तो उतरवता येतो. न उतरल्यास हॅलोपेरिडॉलसारखं औषध अगदी थोड्या मात्रेत देतो, तेही भीती आणि तगमग असली तर.

फरक ओळखायला मी मशीन लावत नाही. माणूस आजूबाजूच्यांना ओळखतो का, बोलण्यात सूत्र आहे का, आणि जे दिसतंय त्याची त्याला भीती वाटते का, एवढं बघते. तुमच्या आईने आक्काला ‘बस’ म्हटलं, आणि तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे त्याच दमात तुम्हाला ‘हिला चहा दे’ असंही सांगितलं. तुम्ही कोण, आक्का कोण, घरात पाहुणी आली की काय करायचं, हे सगळं तिला ठाऊक होतं. तो वात नव्हता असं मला वाटतं. अर्थात मी तिला तपासलेलं नाही. त्या रात्रीच्या डॉक्टरांसमोर एक घाबरलेलं कुटुंब होतं आणि हाताशी बहुधा दहा मिनिटं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये कावीळ, ताप, गोंधळ हेही असतंच. त्यांनी हेतुपुरस्सर काही हिरावून घेतलं असं नाही. पण त्यांनी तिला एकदा विचारायला हवं होतं, ‘कोण आलंय? बरं वाटतंय का?’ आमच्या एमबीबीएसच्या वर्षांत हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या इंजेक्शनमुळे आईशी शेवटचं बोलणं राहिलं, असं तुम्ही लिहिलंय. थोडं खरं असेल. पण सगळं नाही. शेवटच्या चार-पाच दिवसांत औषध दिलं नाही तरी बहुतेक रुग्णांचं बोलणं आटत जातं, झोप वाढत जाते. तो शरीराचाच क्रम आहे. आणि बोलणं थांबलं म्हणजे ऐकणं थांबलं असं नव्हे. कॅनडात व्हँकुव्हरच्या एका हॉस्पिसमध्ये, प्रतिसाद देणं बंद झालेल्या रुग्णांच्या मेंदूचे आलेख घेऊन केलेला अभ्यास २०२० साली आला. काही रुग्णांचा मेंदू सुरांमधला बदल निरोगी माणसाच्या मेंदूसारखाच टिपत होता. अर्थ कळत होता का, हे त्यातून ठरत नाही. आवाज पोचत होता एवढं नक्की. तुम्ही तिला पाणी पाजताना, कूस बदलताना बोलत होतात ना? तेवढं पोचलं असणार.

आता वैद्यकशास्त्राचं. मृत्यूच्या दारातून परत आलेल्यांचे अनुभव हा विषय आता गंभीर संशोधनाचा आहे. अमेरिकन डॉक्टर रेमंड मूडी यांनी १९७५ साली अशा अनुभवांना नाव दिलं. पिम व्हॅन लोमेल या डच हृदयरोगतज्ज्ञांनी १० रुग्णालयांतल्या, हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला. त्यातल्या ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा अनुभव सांगितला: शांतता, प्रकाश, गेलेली माणसं, शरीराबाहेर असल्याची जाणीव. मला यात दोन्ही आकडे महत्त्वाचे वाटतात. इतक्या जणांना आठवलं, हे थक्क करणारं आहे. आणि बाकीच्या ८२ टक्क्यांना काहीच आठवलं नाही, हे विसरता येत नाही. ती माणसं काही कमी प्रेमळ किंवा कमी श्रद्धाळू नव्हती. हा आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या देशातही हे नोंदलं गेलंय. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरीचा आणि अमेरिकेचे इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली १६ भारतीय रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यांत बोगदा आणि प्रकाश यांच्यापेक्षा दूत दिसतात, वही घेऊन बसलेला कुणी दिसतो, ‘हा नव्हे, दुसरा आणायचा होता’ असं म्हणून माणूस परत पाठवला जातो. म्हणजे अनुभवाचा गाभा सारखा असला तरी त्याला कपडे आपल्या घरचे मिळतात. आयसीयूत असताना असेच एक शिक्षक माझे रुग्ण होते. सीपीआरनंतर, म्हणजे बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू केल्यावर, शुद्धीवर आल्यावर त्यांनी वॉर्डात एकाला सांगायचा प्रयत्न केला, तो हसला, आणि ते आठ महिने गप्प राहिले. बायकोलाही बोलले नाहीत. मला सांगताना पहिलं वाक्य होतं, ‘मॅडम, मी वेडा नाही.’ छाती दाबली जात असताना कुणीतरी ‘ट्रॉली इकडे आणा’ म्हणालेलं त्यांनी ऐकलं होतं. हे आम्ही आता जाणतो. चांगल्या सीपीआरने मेंदूला थोडं रक्त पोचतं आणि काही जणांना त्या काळात जाणीव राहते. म्हणून माझ्या थिएटरमध्ये आणि आयसीयूत बेशुद्ध रुग्णापाशी कुणी काहीबाही बोललं की मी थांबवायची.

शरीराबाहेर जाऊन खरंच दिसतं का, हे तपासायचा मोठा प्रयत्न सॅम पार्निया या डॉक्टरांनी केला. १५ रुग्णालयांत छताजवळ फळ्या बसवल्या, त्यांवर वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. २,०६० जणांचं हृदय बंद पडलं. त्यांतून वाचलेल्या आणि सविस्तर बोलू शकलेल्यांमध्ये फक्त दोघांना आजूबाजूचं पाहिल्या-ऐकल्याची नेमकी आठवण होती, आणि दोघांच्याही वेळी ते ज्या जागी होते तिथे फळीच नव्हती. २०२३ सालच्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात मुलाखत झालेल्या २८ जणांपैकी एकालाही दाखवलेलं चित्र सांगता आलं नाही. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: सीपीआर चालू असताना अर्धा-पाऊण तास उलटून गेल्यावरही काहींच्या मेंदूत जाणिवेशी जुळणाऱ्या लहरी अधूनमधून उमटत होत्या. मिशिगन विद्यापीठात जिमो बोर्जिगिन यांच्या गटाने व्हेंटिलेटर काढलेल्या ४ रुग्णांचे आलेख तपासले. दोघांत जाता जाता गॅमा लहरींची, म्हणजे जाणिवेशी जोडल्या जाणाऱ्या वेगवान मेंदूलहरींची, उसळी दिसली. त्याआधी, २००२ साली, जिनिव्हात ओलाफ ब्लांके हे मेंदूचे डॉक्टर एका रुग्णेच्या अपस्माराची जागा शोधत होते. तिच्या मेंदूच्या उजव्या बाजूला एका ठरावीक ठिकाणी बारीक विद्युतप्रवाह दिला की तिला आपण वर तरंगतोय आणि खाली आपलंच शरीर दिसतंय असं वाटायचं.

याचा अर्थ ‘सगळं मेंदूच्या रसायनांचा खेळ, संपला विषय’ असा मी लावत नाही. जिलेबी खाताना मेंदूत काय होतं ते दाखवता आलं म्हणून जिलेबी खोटी ठरत नाही. आणि ‘चेतना शरीराबाहेर जाते हे विज्ञानाने सिद्ध केलं’ असं जे सांगितलं जातं, तेही खरं नाही. अजून तसं काहीही सिद्ध झालेलं नाही. मी स्वतः याबाबतीत मोकळी आहे. पण रुग्णाच्या घरात मोकळेपणाचा अर्थ ‘ऐकणं’ असा असतो, ‘ठरवून टाकणं’ असा नाही.

आता भावाचं. तो उठला, त्याला आईचा स्पर्श जाणवला, हे मी पूर्ण खरं मानते. तो खोटं बोलत नाहीये. फक्त दोन गोष्टी शांतपणे पाहा. आपल्याकडे तीन वाजले तेव्हा सिंगापूरला साडेपाच वाजलेले असतात. ती झोप पातळ होण्याची, स्वप्नं दाट होण्याची वेळ. आणि तुमच्याच लिहिण्यात आलंय की गेले दोन आठवडे तो रात्री तीन-चारदा उठून फोन बघत होता. म्हणजे त्या काळात तो अशा कितीतरी वेळा दचकून उठला असेल आणि कूस बदलून पुन्हा झोपला असेल. त्या जागरणांना आपण मोजत नाही. ज्या पहाटे फोन आला ती पहाट मात्र आयुष्यभर लक्षात राहते. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढली म्हणतो, त्यातही हेच होतं. नाव जुळलं तेवढी उचकी ध्यानात राहते.

स्पर्शाबद्दल आणखी एक. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी आपल्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांना विचारून १९७१ साली लिहिलं की जवळपास निम्म्या जणांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व जाणवलं होतं. कुणाला आवाज, कुणाला स्पर्श, कुणाला नुसतंच ‘आहे’ असं. बहुतेकांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं आणि बहुतेकांना त्याचा आधार वाटला होता. हा आजार नव्हे. तुमच्या भावाला तो स्पर्श आधार देत असेल तर त्याला तो असू दे. त्याच्यापाशी घड्याळाचा हिशोब मांडायला जाऊ नका. तो हिशोब मी तुमच्यासाठी मांडलाय.

आणि आईचा आत्मा काय म्हणतोय ते सांगतो, इतके पैसे ठेवा, असं म्हणत कुणी आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. दुःखाचे पहिले महिने अशा लोकांना बरोबर ठाऊक असतात. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

तर मग मनं जोडलेली असतात का? दुरून, काहीही न कळता, न बोलता? त्याचा पक्का पुरावा माझ्या वाचनात नाही. हृदयाच्या बायपासच्या १,८०२ रुग्णांवर अमेरिकेत प्रार्थनेचा मोठा अभ्यास झाला होता, २००६ साली तो आला. अनोळखी लोकांनी दुरून केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे’ असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ती थोडी जास्तच दिसली. घरात देवापाशी दिवा लावणाऱ्या कुणाचंही मन मी या आकड्यांनी दुखवणार नाही. तो दिवा वेगळ्या कारणासाठी असतो.

पण जवळून? जवळून जोडलेली असतात, आणि हे मोजता आलेलं आहे. जेम्स कोअन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली १६ विवाहित स्त्रियांना स्कॅनमध्ये झोपवून, आता विजेचा हलका झटका बसेल अशी धास्ती दिली. नवऱ्याचा हात हातात असला की मेंदूतली धोक्याची खळबळ कमी व्हायची. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडी कमी व्हायची. नातं जितकं चांगलं तितका फरक मोठा. पावेल गोल्डस्टीन यांच्या गटाने २०१८ साली दाखवलं की दुखत असताना जोडीदाराने हात धरला की दोघांच्या मेंदूच्या लहरी एकमेकींशी जुळू लागतात आणि दुखणं उतरतं. मला सगळ्यात आवडतो तो स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके या छोट्या गावातला अभ्यास, २०११ चा. तिथे दरवर्षी लोक निखाऱ्यांवरून चालतात. संशोधकांनी चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके नोंदवले. बघणाऱ्यांपैकी जे नातलग किंवा मित्र होते त्यांचे ठोके चालणाऱ्याच्या ठोक्यांबरोबर चढले-उतरले. नुसते बघायला आलेल्या परक्यांचे नाही. तिथे कुणी कुणाला हात लावलेला नव्हता. पण ते डोळ्यांसमोर होते, आणि त्यांना ठाऊक होतं की तो आपला आहे.

हे मी रोज घरांमध्ये पाहते. सून धापेने घाबरली की सासऱ्याची धाप वाढते. तिला बाहेर नेऊन पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला, की आत सासऱ्याचा श्वास खाली येतो. मॉर्फिनची मात्रा ठरवताना मी रुग्णाइतकंच त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाकडे पाहते. ब्रिटनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. दुखणं एकट्या शरीराचं नसतं, त्यात मन, नाती, पैसा, देव सगळं मिसळलेलं असतं, हे त्यांनी आम्हाला दिलं. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन उभं राहिलं, पुण्यात वारज्याला १९९७ साली सिप्ला या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र. तिथे काम करणाऱ्या कुणालाही विचारा. कोणाचं दुखणं कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं, हे खोलीत उभं राहून नेमकं सांगता येत नाही.

आता तुमची शेवटची ओळ.

शेवटच्या तासांत श्वास तुटक होतात. एक श्वास, मग वीस-तीस सेकंद काहीच नाही, मग पुन्हा एक. घरघर असते, तीही कमी-जास्त होते. दोन आठवडे जागलेल्या माणसाला या आवाजाची सवय होते, जशी गिरणीजवळ राहणाऱ्याला गिरणीची होते, आणि आवाज थांबला तरी झोप मोडत नाही. माझ्या रुग्णांपैकी कितीतरी जण नेमके त्या पाच मिनिटांत गेले आहेत, जेव्हा रात्रभर बसलेली मुलगी चहा टाकायला उठली होती. घरचे म्हणतात, ‘तिच्यासाठीच जीव अडकला होता, ती उठली आणि सुटला.’ ते खरं की नाही, मला सांगता येत नाही. पण उठलेल्या प्रत्येक मुलीच्या चेहऱ्यावर तुमचीच ओळ असते.

मीही ती ओळ बरीच वर्षं बाळगली. माझी आजी गेली तेव्हा मी मिरजेला होस्टेलवर होते. तिने मला वाढवलं होतं. त्या रात्री मी गाढ झोपले, सकाळी कँटीनमध्ये पोहे खाल्ले, जर्नल पूर्ण केलं, आणि दुपारी तार आली. मला स्वप्न पडलं नाही, डोळा लवला नाही, शंकेची पालही चुकचुकली नाही. पुण्याच्या आतेबहिणीला म्हणे त्या रात्री दारात आजी दिसली. दहाव्याला सगळे तिच्याभोवती बसले होते आणि मी भांडी घासत होते. आपलं प्रेमच कमी पडलं असं मला तेव्हा ठामपणे वाटलं होतं. पुढे हजारभर मृत्यू जवळून पाहिल्यावर कळलं की कोणाला काय दिसतं, जाणवतं, हे झोपेच्या खोलीवर, थकव्यावर, वाट पाहण्यावर, स्वभावावर ठरतं. मघाचा तो ८२ टक्क्यांचा आकडा आठवा. न जाणवणं हेच माणसाचं नेहमीचं आहे.

तुम्ही झोपलात कारण तुम्ही दमला होतात. तुम्ही दमला होतात कारण चौदा रात्री तिच्या प्रत्येक कण्हण्याला तुम्ही उठत होतात. भावाला एक पहाट जाणवली. तुम्हाला तिचं पोट दुखायला लागतंय हे तिने सांगायच्या आधी कळायचं, असं तुम्ही स्वतःच लिहिलंय, आणि पुढच्याच वाक्यात ‘मला काहीच कळलं नाही’ असंही.

एक करून पाहा. भाऊ पुढच्या महिन्यात येणार आहे म्हणालात. त्याला त्याची पहाट पुन्हा सांगू दे, पूर्ण, मध्ये न बोलता. मग तुम्ही त्याला सांगा की आक्का कोणत्या बाजूला बसायची, आईने तिच्यासाठी चहा कसा मागितला, कोणता जुना विषय काढून दोघी हसल्या. त्या वेळी त्या खोलीत तुमच्याशिवाय कुणीच नव्हतं, त्यामुळे हे त्याला तुमच्याकडूनच मिळू शकतं.